विमानातली उतरंड

पनवेल-उलव्याच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या ११६० हेक्टर जमिनीवर हा पसारा उभा आहे, तेथे कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशी दहा गावे नांदत होती. दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून २४ जून २०२१ रोजी भूमिपुत्रांनी सिडको भवनाला घेराव घातला. वाघिवलीवाड्याच्या केरुमाता लेण्यांसाठी बौद्ध बांधव रस्त्यावर उतरले. हे सगळे हिशेब अजून बाकी आहेत आणि ते आम्ही सोडलेले नाहीत. परंतु आज आम्हाला लिहायचे आहे ते विमान चालवणाऱ्या माणसाविषयी. तो कोणाचे ऐकतो, कोणाचे ऐकत नाही, कोणाला त्याला थांबवता येते आणि कोणाला नाही, याविषयी.

हा बड्या लोकांचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, असे चळवळीतल्या काही बांधवांना वाटेल. त्यांनी १२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना आठवावी. एअर इंडियाचे लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. एकूण २६० माणसे गेली. त्यातली १९ जमिनीवर होती, त्यांनी तिकीट काढलेले नव्हते. विमानातल्या कर्मचाऱ्यांमध्ये आपल्या पनवेल तालुक्याचीही एक लेक होती. धावपट्टीच्या टोकाशी जे राहतात ते विमानात बसत नसले तरी विमानाच्या धोक्यात बसलेलेच असतात. उलवे, कळंबोली, कामोठे येथे आपली माणसे राहतात आणि विमानतळावर सामान चढवायला, झाडू मारायला, गाड्या चालवायलाही आपलीच मुले लागत आहेत.

अहमदाबादच्या बाबतीत आम्ही कोणावरही ठपका ठेवणार नाही. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आली. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की तू बंद का केलेस, आणि दुसरा म्हणतो की मी केले नाही, एवढेच त्यात होते. तेवढ्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी मृत कॅप्टनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायमूर्तींना सांगावे लागले की या अहवालावरून वैमानिकाला दोषी म्हणता येत नाही. मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर खापर फोडणे सोपे असते. आपल्या समाजाला हा न्याय नवा नाही.

कायद्याच्या अभ्यासकाला तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चूक वेगळी, निष्काळजीपणा वेगळा आणि बेदरकारपणा वेगळा. चूक कोणाकडूनही होते. निष्काळजीपणात जी काळजी घ्यायची ती घेतली जात नाही. बेदरकारपणात समोर धोका दिसतो, दुसरा माणूस तो बोलून दाखवतो आणि तरीही पुढे जाणे होते. विमान अपघातांचे अहवाल वाचले की या तिसऱ्या प्रकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा एक उतरंड सापडते. वरचे मडके खालच्याचे ऐकत नाही आणि खालच्याला वरच्याला हात लावण्याची सोय नसते.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले. त्या अहवालात जे आले ते वाचताना अंगावर काटा येतो. कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता. विमान जास्त उंचीवरून आणि जास्त वेगाने उतरत होते. सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले की उतरू नका, पुन्हा वर चला. यंत्रही धोक्याची सूचना देत होते. कॅप्टनने ऐकले नाही. याच कॅप्टनला त्याआधी एका आदळून केलेल्या उतरणीबद्दल समज देण्यात आलेली होती, हेही नोंदले गेले. म्हणजे कंपनीने शिस्त लावलेली होतीच. पण ती शिस्त त्याच्या आणि वरिष्ठांच्या मधली होती. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचे ऐकण्याची शिस्त त्याला कोणी लावलेली नव्हती.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडे येथे तीच कंपनी, तसेच डोंगरावरचे विमानतळ आणि या वेळी पाऊसही. कॅप्टन दीपक साठे हे नागपूरचे, वायुसेनेतून निवृत्त झालेले विंग कमांडर, नावाजलेले आणि अनुभवी वैमानिक. त्यांच्या जाण्याने महाराष्ट्र हळहळला आणि त्यात चुकीचे काही नव्हते. करोनाच्या काळात परदेशात अडकलेल्या माणसांना आणायला ते गेले होते. परंतु २०२१ मध्ये आलेला अहवाल सांगतो की विमान ठरलेल्या जागेच्या बरेच पुढे टेकले, पाठीमागून वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर धड चालत नव्हता आणि सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हणजे पुन्हा वर चला असे सांगितले होते. विमान थांबले नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ माणसे गेली. त्याच अहवालाने कंपनीच्या कारभारावरही बोट ठेवले आहे. त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठीही साठे यांचेच नाव लागलेले होते. विमान दुसरीकडे नेले असते तर सकाळचे उड्डाण कोणी केले असते? माणसाच्या मनावर हा भार असतो. त्यामुळे सगळा दोष एका मृत माणसावर टाकून कंपनीने हात धुवावेत, हे आम्हाला मान्य नाही. तरीही सहवैमानिकाचा तो शब्द ऐकला गेला नाही, ही गोष्ट उरतेच.

जगाला हा धडा फार आधी मिळालेला होता. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे मेली. केएलएमचा कॅप्टन हा त्या कंपनीचा सर्वांत मानाचा वैमानिक होता. दुसरे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. साहेबांनी ती ठामपणे उडवून लावली आणि वेग घेतला. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा विषय आला. सोप्या भाषेत सांगायचे तर धाकट्याने बोलायला शिकायचे आणि थोरल्याने ऐकायला शिकायचे. पाश्चात्त्यांना त्यासाठी ५८३ प्रेते मोजावी लागली.

तथागतांनी हीच गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या विनयात घालून ठेवली होती. वर्षावास संपला की भिक्खू पवारणा करतात. तीन महिने एकत्र राहिलेल्या संघासमोर बसून प्रत्येक भिक्खू म्हणतो की माझ्याकडून काही चुकीचे घडलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल तर मला सांगा. आणि यात पहिली पाळी धाकट्याची नसते, सर्वांत ज्येष्ठ भिक्खूची असते. खुद्द बुद्धांनीही संघाला असे विचारल्याचे संयुत्त निकायात आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी विनय म्हणजे भिक्खूंचे आचारनियम एवढेच समजू नये. वरिष्ठाने स्वतःहून कनिष्ठाला आपली चूक दाखवण्याचा अधिकार देणे, ही त्यातली शिस्त आहे. ब्राह्मणी परंपरेत शिष्याने गुरूला प्रश्न विचारला की तो उद्धट ठरतो. कॉकपिटमध्ये या दोन परंपरांतला फरक काही सेकंदांत दिसतो. (आमच्या काही संघटनांच्या बैठकांतही तो दिसतो, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)

दारूचेही तेच. पाचव्या शिलात मद्याचा निषेध आहे तो प्रमादाचे स्थान म्हणून. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, आणि विमान उडवणाऱ्याच्या बाबतीत गाफीलपणा म्हणजे मृत्यू. आपल्या देशातला नियम कडक आहे. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य, उड्डाणापूर्वी श्वासाची चाचणी, पहिल्यांदा सापडल्यास परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. २०१९ पासून विमानतळावरच्या गाड्या चालवणारे आणि सामान हाताळणारे कामगारही या चाचणीच्या कक्षेत आले आहेत. हे योग्यच झाले. पण या नियमाचे वरच्या मजल्यावर काय होते ते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये एअर इंडियाच्या उड्डाण विभागाचा प्रमुख अधिकारी, जो स्वतः वैमानिक होता, चाचणी न देताच विमान घेऊन गेल्याचे प्रकरण झाले. त्याचा परवाना तीन महिने निलंबित झाला. त्यानंतर हाच गृहस्थ कंपनीच्या संचालक मंडळात उड्डाण विभागाचा संचालक म्हणून बसला. म्हणजे इतर सर्व वैमानिकांच्या शिस्तीचा राखणदार! नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीहून लंडनला निघण्यापूर्वी तो चाचणीत नापास झाला. निकालाला आव्हान देण्याची भाषा त्याने केली, परंतु परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला आणि पदही गेले. पहिल्या वेळीच त्याला खुर्चीपासून दूर ठेवले असते तर? सामान चढवणारा एखादा कंत्राटी पोरगा पहिल्या चाचणीत सापडला, तर त्याला कोणी संचालक करील काय?

शिक्षेच्या मापातही अशीच उतरंड आहे. जानेवारी २०१८ मध्ये जेट एअरवेजच्या लंडन-मुंबई विमानात हवेतच कॅप्टन आणि सहवैमानिक महिला यांच्यात भांडण होऊन मारहाणीपर्यंत गोष्ट गेल्याचे बाहेर आले. दोघेही काही काळ कॉकपिटबाहेर आले होते, मागे तीनशेवर प्रवासी होते. दोघांचे परवाने पाच वर्षांसाठी निलंबित झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच कंपनीच्या मुंबई-जयपूर विमानात केबिनमधला हवेचा दाब राखणारे बटण दाबायचे राहून गेले आणि तीसेक प्रवाशांच्या नाकातून रक्त आले. या प्रकरणांत परवाने निलंबित करणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. उलट, चौकशी करून, कारणे तपासून, प्रशिक्षणात सुधारणा करून शिक्षा ठरवण्याची ही पद्धत चांगली आहे. आमचे म्हणणे एवढेच की हीच सुबुद्धी कळंबोलीच्या ट्रक ड्रायव्हरच्या वाट्याला का येत नाही? त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास लिहून ठेवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चक्का जाम झाला तेव्हा कुठे ते पोटकलम अंमलात न आणण्याचे ठरले. वैमानिक किती तास जागा होता हे चौकशीत पाहिले जाते. द्रुतगती मार्गावर रात्रभर स्टेअरिंग धरून बसलेल्या माणसाला हे कोणी विचारत नाही.

आता झोपेविषयी. १७ ऑगस्ट २०२३ ला नागपूरच्या विमानतळावर चाळिशीतला एक कॅप्टन उड्डाणापूर्वी कोसळला आणि मरण पावला. त्याला आधी पुरेशी विश्रांती मिळाल्याचे कंपनीने सांगितले आणि ते कागदावर खरेही असेल. पण आदल्या दिवशी त्याने पहाटे तीन ते सात या वेळेत विमान चालवलेले होते. माणसाचे शरीर कागद वाचत नाही. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या उतरणींची मर्यादा सहावरून दोन. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले.

मग काय झाले ते सर्वांनी पाहिले. देशातल्या सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीने पुरेसे वैमानिक नेमलेच नव्हते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली, ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजारावर. (६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारी आमची बहुतेक माणसे रेल्वेच्या जनरल डब्यातून आली. त्यांच्यासाठी वृत्तवाहिन्यांनी कधी अश्रू ढाळले नाहीत.) आणि सरकारने काय करावे? ज्या कंपनीने नियम पाळण्याची तयारी केली नाही, तिलाच १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत नियमातून सवलत दिली. पुढे जानेवारीत २२ कोटींहून अधिक दंडही केला, पण इतक्या मोठ्या कंपनीला तो किती जाणवणार? वैमानिकाने श्वासाची चाचणी टाळली की तीन महिने घरी. कंपनीने झोपेचा नियम टाळला की सवलत. बेदरकारपणा म्हणतात तो हाच, फक्त तो कॉकपिटमध्ये नसून कार्यालयात बसून केलेला आहे.

कामाच्या तासांचा प्रश्न हा बाबासाहेबांचा प्रश्न आहे, हे चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाच्या तासांना कायद्याची वेसण घालण्याचे काम केले. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. मालकाच्या दयेवर सोडलेली विश्रांती ही विश्रांतीच नव्हे, हे त्यामागचे तत्त्व होते. गिरणीतल्या दमलेल्या कामगाराचे बोट जात असे. दमलेल्या वैमानिकामागे दोनशे माणसे जातात. लाखो रुपये पगार घेणाऱ्या वैमानिकांचा कळवळा आंबेडकरी दैनिकाने का घ्यावा, असे कोणी विचारील. पगार कितीही असला तरी ज्याचे तास दुसरा ठरवतो आणि ज्याला ‘आज मी थकलो आहे’ म्हणण्याची भीती वाटते तो कामगारच आहे. फक्त त्याला ते कबूल करायला लाज वाटते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय हाती घेतला तिच्याकडे वळू. जून २०२५ मध्ये इंडिगोच्या एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने, जो अनुसूचित जातीतला आहे, कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांविरुद्ध अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला. बंगळूरला शून्य क्रमांकाने तक्रार झाली आणि ती गुरुग्राम पोलिसांकडे आली. तक्रारीचे म्हणणे असे की, तुझी विमान उडवण्याची लायकी नाही, जा आणि चपला शिव, अशा अर्थाचे शब्द त्याला एका बैठकीत ऐकवले गेले. कंपनीने हे आरोप निराधार म्हणून फेटाळले. खरे-खोटे पुराव्यावर ठरेल आणि न्यायालयात ठरेल. आम्ही वकिली करतो, निकालाआधी निकाल देणार नाही. परंतु अशा तक्रारीपुढे कायद्याची कोणती भिंत उभी राहते, ते वाचकांना समजले पाहिजे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली अपमान किंवा जातिवाचक शिवी ही ‘सार्वजनिक दृष्टिपथात’ येणाऱ्या जागी घडावी लागते. २०२० मध्ये हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. आता विमान कंपनीत अपमान कुठे होणार? बंद दाराच्या बैठकीत, सिम्युलेटरच्या खोलीत किंवा कॉकपिटमध्ये. कॉकपिटचे दार तर कायद्यानेच आतून बंद असते. तिथे बोललेले टेप होते, पण बहुतेक विमानांत शेवटच्या दोन तासांचेच राहते आणि ते अपघाताच्या चौकशीसाठी जपायचे असते, सहवैमानिकाच्या अपमानाच्या चौकशीसाठी नव्हे. तक्रारदाराला साक्षीदार कोठून मिळावा? आणि ज्याच्या हातात त्याचा गुणांचा शेरा आहे, पुढची ड्युटी आहे, बढती आहे, त्याच्याविरुद्ध तो बोलणार तरी कसा?

याचा हवाई सुरक्षेशी संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी मंगळूरकडे पुन्हा पाहावे. तेथे जातीचा प्रश्न नव्हता, खांद्यावरच्या पट्ट्यांचा प्रश्न होता. नुसत्या हुद्द्याच्या उतरंडीत सहवैमानिकाचे तीन इशारे वाया गेले. त्या उतरंडीवर आणखी जातीची उतरंड रचली, शेजारी बसलेला मुलगा जन्मानेच कमी लायकीचा आहे असे कॅप्टनच्या मनात असले, तर चौथा इशाराही ऐकला जाणार नाही. आणि ज्याला कालच लायकी काढून अपमानित केलेले आहे, तो पहिला इशारा तरी देईल काय? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेविषयी जे सांगितले ते गावाच्या वेशीपुरते नव्हते. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याला दाबतो आणि वरच्यापुढे दबतो. म्हणून कोणीच वेळेवर तोंड उघडत नाही.

लायकीची भाषा करणाऱ्यांना आम्हाला गोव्याची एक गोष्ट आठवण करून द्यायची आहे. जानेवारी २०११ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर एक विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवले गेले. चौकशीत कॅप्टनच्या परवाना परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभरातल्या कॅप्टनांच्या हजारो परवान्यांची तपासणी झाली आणि आणखी बनावट कागद सापडले. राजस्थानात न उडवलेल्या तासांच्या नोंदी झाल्याची प्रकरणे पुढे आली. या कोणालाही आरक्षणातून खुर्ची मिळालेली नव्हती. खाजगी विमान कंपन्यांत आरक्षण नाहीच. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिला आरक्षणाचे धोरण लागू होते, २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली आणि तो दरवाजाही लागला. वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते, त्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्यावर जातो. जो एवढा पैसा ओततो त्याची गुणवत्ता गृहीत धरली जाते आणि जो शिष्यवृत्ती व कर्ज जोडून येतो त्याची रोज तपासली जाते.

येथे उपालीची आठवण होणे अपरिहार्य आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. तथागतांनी आधी उपालीला संघात घेतले, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल आणि त्यांचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय कोणाला विचारला गेला? उपालीलाच. बौद्ध परंपरेत शिस्तीचा सर्वांत मोठा जाणकार एक न्हावी आहे. वस्तरा धरणाऱ्या हातात विनय देणारी ती परंपरा, आणि ‘चपला शिव’ म्हणण्याला शिस्त समजणारी ही एक.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. त्याखाली नियम करताना सरकारला काही गोष्टी सहज करता येतील. धोक्याचा इशारा देणाऱ्या आणि थकलो म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला नोकरीत त्रास दिल्यास तो कंपनीचा दंडनीय अपराध ठरवावा. जातीय अपमानाची तक्रार कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे न जाता बाहेरच्या समितीकडे जावी, आणि त्या समितीत अनुसूचित जाती आयोगाचा प्रतिनिधी असावा. कारण ज्या कॉकपिटमध्ये एक माणूस दुसऱ्याला माणूस मानत नाही ते विमान उडण्यास अयोग्य आहे, भले त्याची इंजिने नवी असोत.

खाजगी विमान कंपनीकडे माहितीचा अधिकार थेट चालत नाही, पण डीजीसीए हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. दहा रुपयांच्या शुल्कात तेथे अर्ज जातो. पनवेल, उरण आणि नवी मुंबईतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी तो करावा. गेल्या पाच वर्षांत थकव्याच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या किती कंपन्यांनी मान्य केल्या, हे विचारावे. वरिष्ठाने इशारा न ऐकल्याच्या किती नोंदी झाल्या, हे विचारावे. जातीय छळाच्या तक्रारींसाठी डीजीसीएकडे एखादी पद्धत आहे काय, असल्यास तिची प्रत मागावी. आणि नसल्यास ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच लेखी उत्तर घ्यावे. संसदेच्या समितीपुढे किंवा न्यायालयात उभे राहायचे तर तो कागद हाताशी लागेल.